वकालतनाम्यावर सही करण्याआधी

चि. रूथ हिस,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

काका तुझ्याकडे संभाजीनगरला येऊन गेला, हे काल रात्री तुझ्या आईकडून कळलं. पिशवीत आजोबांच्या हातची जुनी मिनिट बुकं होती म्हणे, आणि एक कोरा वकालतनामा. आपल्या चर्चचं देऊळ, पाळकांचं घर आणि मागची दीड एकर जमीन त्याच्या गटाला मिळावी म्हणून दावा लावायचा आणि तो तू चालवायचा. तू ‘विचार करून सांगते’ म्हणालीस. ते बरं केलंस. त्या विचारात माझं हे पत्रही धर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. इमारत आज माझ्या गटाच्या ताब्यात आहे. ज्याच्या हातात चावी त्यानंच ‘कोर्टात जाऊ नका’ म्हणायचं, हे ऐकणाऱ्याला खटकणारच. तुलाही खटकेल. तरी पुढं वाच.

सहा वर्षांपूर्वी आपल्या मंडळीत काय झालं ते तुला अर्धवट माहीत आहे, कारण तू तेव्हा एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला होतीस. पाळकांची बदली वरून आली. मंडळीला कुणी विचारलं नाही. काकानं सह्यांचा अर्ज केला, पंचांच्या दोन सभा झाल्या, काही निघालं नाही. नवे पाळक आले त्या रविवारी पहिलं गीत संपता संपता काका उठला आणि त्याच्यामागं चाळीसेक घरं उठली. पुढच्या रविवारपासून त्याच्या मळ्यात, पत्र्याच्या शेडखाली, त्यांची वेगळी उपासना सुरू झाली. मी आतच बसून राहिलो. मी पंचांचा चिटणीस होतो, आणि घर फोडणारा म्हणून त्याच्यावर चिडलो होतो.

रिटायर झाल्यावर वेळ होता. तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, पण ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला तिचा इतिहास कधी नीट वाचला नव्हता. तो वाचला, आणि काकाचा मुद्दा मला स्कॉटलंडमध्ये सापडला, कारण आपलं मिशन मूळ तिथलं.

तिकडं बहुतेक गावांच्या देवळात पाळक कोण असावा हे १७१२ पासून कायद्यानं तिथला जमीनदार ठरवायचा. १८३४ मध्ये चर्चच्या महासभेनं नियम केला की मंडळीतल्या बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नाकारलेला पाळक लादता येणार नाही. त्याच वर्षी ऑक्टरार्डर नावाच्या गावात जमीनदारानं रॉबर्ट यंग नावाचा पाळक पुढं केला. त्याला पाळक म्हणून बोलावणाऱ्या पत्रावर गावातल्या दोघांनीच सही केली. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नाही म्हटलं. मामला कोर्टात गेला, १८३९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिकडच्या सर्वांत वरच्या कोर्टानं, निकाल दिला, आणि तो जमीनदाराच्या बाजूनं होता. कायद्यापुढं २८७ लोकांच्या नकाराला किंमत उरली नाही. मार्नोख गावात तर एकट्या खानावळवाल्याच्या सहीवर पाळक नेमला. १८४१ च्या जानेवारीत, बाहेर बर्फ पडलेलं असताना, लोकांनी बाकांवरची आपापली पवित्र शास्त्रं उचलली आणि देवळातून चालते झाले.

हे वाचलं त्या दिवशी मला आपल्या पंचांची ती दुसरी सभा आठवली. ‘वरून आलेलं आहे, आपण काय करणार’ असं वाक्य मिनिट बुकात माझ्याच अक्षरात आहे. काकानं तेही तुला दाखवलं असेल.

मग १८ मे १८४३ चा दिवस आला. एडिंबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये महासभा भरली होती. मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधाचं निवेदन वाचलं, मेजावर ठेवलं, राणीच्या प्रतिनिधीला लवून नमस्कार केला आणि दाराबाहेर पडले. मागं एकेक करत पाळक आणि वडीलजन निघाले, उतारावरून चालत टॅनफिल्डच्या सभागृहात गेले, आणि तिथं थॉमस चामर्स यांना अध्यक्ष करून त्यांनी फ्री चर्च उभं केलं. सुमारे १,२०० पाळकांपैकी ४७४ जणांनी राजीनाम्यावर सही केली. रूथ, त्या सहीबरोबर पगार गेला, राहतं घर गेलं, देऊळ गेलं. त्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या शेकडो शाळामास्तरांच्या नोकऱ्या गेल्या. मी मास्तर आहे, म्हणून ही ओळ मी दोनदा वाचली.

आता आपल्याकडचं सांगतो. भारतातले चर्च ऑफ स्कॉटलंडचे सगळे मिशनरी फ्री चर्चबरोबर गेले. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी कॉलेजची इमारत, ग्रंथालय, प्रयोगाची उपकरणं सोडली. मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि त्यांच्या सोबत्यांच्या संस्थेची नवी इमारत नुकती उभी राहत होती. तीही जुन्या चर्चच्या हवाली झाली आणि शाळा दुसरीकडं भरवावी लागली. वर्षानुवर्षं जमवलेला पैसा त्या भिंतींत होता. आज आपण ज्याला विल्सन कॉलेज म्हणतो ते त्या बेघर झालेल्या शाळेचंच पुढचं रूप.

त्याच १८४३ सालात, त्याच मिशनमध्ये, मुंबईत एका ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. ते नारायण शेषाद्री. पुढं १८६० च्या दशकात ते जालन्याला आले, मांग आणि महार वस्त्यांत बसले, दिवाण सालारजंगांच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल नावाची वस्ती वसवली. तुझे खापरपणजोबा त्यांच्या हाताखाली अक्षरं शिकले, असं आपल्या घरात सांगत आले आहेत. म्हणजे आपल्या लोकांना पाटी मिळाली ती फुटून निघालेल्या चर्चच्या हातून. फुटणं म्हणजे पापच, असं काकाला ऐकवणारा मी त्या फुटीचंच लेकरू निघालो.

नारायण शेषाद्रींना श्रीपत नावाचा धाकटा भाऊ होता. थोरल्यामागं तोही मिशनच्या घरी गेला. वडील कोर्टात गेले, कोर्टानं पोराला परत केलं. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबईचा ब्राह्मणवर्ग फुटला. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावं म्हणून उभे राहिले, सनातनी विरोधात गेले. दोघं भाऊ, एक इकडं, एक तिकडं. मी आणि काका एकाच पाटीवर लिहायला शिकलो. या दोन भावांवर मी फार वेळ थांबलो.

फ्री चर्चचे लोक देवमाणसं होते असं मात्र समजू नकोस. पैशाची चणचण होती, तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलाम बाळगणाऱ्यांकडून देणग्या घेतल्या. स्वतः गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस १८४६ मध्ये स्कॉटलंडभर फिरून ‘तो पैसा परत करा’ म्हणून बोलले. चर्चनं पैसा परत केला नाही. विवेकासाठी घरदार सोडणाऱ्यांना दुसऱ्याच्या गळ्यातली साखळी दिसू नये? आपण ज्या वस्तीतून आलो, त्या वस्तीतला माणूस हे वाचून पुढचं पान लगेच उलटू शकत नाही.

आणि जमीनदारांनी त्यांना काय कमी छळलं? देऊळ बांधायला जागाच द्यायची नाही, असं कित्येकांनी ठरवलं. स्ट्रॉन्टियनच्या लोकांनी शेवटी १८४६ मध्ये लोखंडी नाव बांधून घेतली, किनाऱ्यालगत नांगरली आणि पाण्यावर उपासना केली. शंभर माणसं चढली की नाव इंचभर खाली जाते, असं तिकडं सांगतात. आपल्या काकाची शेड मला त्या नावेसारखी वाटते. मागच्या वळवाच्या वाऱ्यात तिचे चार पत्रे उडाले, तेव्हा मी घरात बसून आवाज ऐकला. मदतीला गेलो नाही.

आता तुझ्या कामाचं. १९०० मध्ये याच फ्री चर्चनं युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चशी एकी केली. थोडे पाळक, बहुतेक उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले, बाहेर राहिले. मूळ फ्री चर्च आम्हीच, तेव्हा सगळी मालमत्ता आमची, असा त्यांनी दावा लावला. स्कॉटलंडचं कोर्ट एकी करणाऱ्यांच्या बाजूनं गेलं. १ ऑगस्ट १९०४ ला हाउस ऑफ लॉर्ड्सनं पाच विरुद्ध दोन मतांनी निकाल फिरवला. मालमत्ता विशिष्ट तत्त्वांसाठी विश्वस्त म्हणून धरलेली होती, ती तत्त्वं सोडून बहुमतालाही ती नेता येत नाही, असं न्यायमूर्तींचं म्हणणं. न्यासाचा कायदा मला तू शिकवायचा, मी तुला नाही. पण निकालानंतरचं बघ. मूठभर लोकांच्या पदरात शेकडो देवळं, कॉलेजं, निधी आणि परदेशातल्या मिशनची मालमत्ताही आली, आणि ती सांभाळायला त्यांच्याकडं माणसं नव्हती. शेवटी १९०५ मध्ये पार्लमेंटला कायदा करून आयोग नेमावा लागला, आणि मालमत्तेची वाटणी करावी लागली. जिंकलेल्यांनाही ते पेललं नाही.

ज्या जमीनदारी हक्कापायी १८४३ ची फूट पडली, तो हक्क १८७४ मध्येच रद्द झाला होता. तरी एक व्हायला २ ऑक्टोबर १९२९ उजाडला, तेव्हाही काहीजण बाहेर राहिलेच. फुटताना जे बोलले गेले, ते कायदा रद्द होऊनही पंचावन्न वर्षं तसंच राहिलं. आपल्याकडं एकीचं काम थोडं लवकर झालं. १९२४ मध्ये उत्तर भारतात प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या दोन पंथांची चर्चेस एकत्र आली, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आजोबा त्या दिवशी नागपूरला होते. परत आले ते बरेच दिवस घसा बसलेला, इतकं गायले होते.

आता जे लिहायला हात अडतो आहे ते लिहितो.

जयाआत्या गेली तेव्हा तू परीक्षेमुळे येऊ शकली नाहीस. ती काकाच्या गटाबरोबर शेडमध्ये जायची. मे महिना, दुपारी बारा. तिरडी कबरस्तानाच्या फाटकापाशी आली आणि फाटकाला कुलूप होतं. किल्ली माझ्याकडं होती. पंचांचा ठराव होता की वेगळ्या गटाचं दफन परवानगीशिवाय होऊ द्यायचं नाही. मी किल्ली खिशात ठेवून फोन करत बसलो. एकानं उचलला नाही, दुसरा म्हणाला थांबा, विचारतो. सव्वा तास गेला. माझी सख्खी बहीण उन्हात रस्त्यावर होती. काका माझ्याजवळ आला, ओरडला नाही, एवढंच म्हणाला, “दादा, आम्ही बाहेर निघालो. पण ती आईच्या शेजारी झोपायला आलीय.” मग मी कुलूप काढलं. परवानगीचा फोन त्यानंतर आला. मला आजही वाटतं, तो आधी आला असता तर मी त्याच्यामागं लपलो असतो.

काकाच्या मनात दावा त्या दिवशी उगवला, बदलीच्या दिवशी नाही. म्हणून ‘काकाला समजाव’ असं मी तुला सांगणार नाही. त्याचं समाधान करायचं ओझं तुझं नाही, माझं आहे.

माझं मागणं एवढंच. इमारतीच्या दाव्यावर सही करू नकोस, माझ्याकडूनही नाही आणि त्याच्याकडूनही नाही. एका घरच्या मुलीनं त्या घराची वाटणी कोर्टात मांडू नये. पण कबरस्तान दोन्ही गटांना कायम खुलं राहावं, असा करार तू लिहून दे. कुणाची परवानगी नको, ठराव नको, फोन नको. साध्या मराठीत लिही, म्हणजे म्हाताऱ्यांना वाचता येईल. आमच्या पंचांपुढं तो मी मांडीन. नामंजूर झाला तर चिटणीसपद सोडीन आणि मिनिट बुकात कारण लिहीन.

सोमवारी जालन्याला जाऊन त्या फाटकाच्या किल्लीची नक्कल करून आणली आणि तशीच काकाच्या मळ्यावर नेली. ठराव मोडतो आहे, हे मला माहीत आहे. काका नव्हता. काकूनं पाणी दिलं, किल्ली हातात घेतली, कशाची आहे ते विचारलं नाही. उंबऱ्याच्या खिळ्याला अडकवली. आज गुरुवार, अजून त्याचा फोन नाही.

शेडचे दोन पत्रे अजून उघडेच आहेत. मृग तोंडावर आला. शनिवारी सुताराला घेऊन जातो म्हणतोय.

आईनं तुझ्यासाठी कैरीचं लोणचं भरून ठेवलंय. येशील तेव्हा आजोबांची मिनिट बुकं घेऊन ये, काकाला विचारून.

तुझे,
बाबा