चाळीस बादल्या रस, एक बादली पाक

ती. आबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, झाडाच्या रसाचा पाक करायला चुलवाण लागतं का. लागतं, आणि चांगलं दांडगं लागतं. फोनवर धड सांगता येईना, म्हणून हे पत्र.

इथं अमेरिकेत व्हरमाँटला मार्चमध्ये अंगणात अजून गुडघाभर बर्फ आहे, रस्त्यावर चिखल. मेपलचा रस याच दिवसांत वाहतो. रात्री पारा शून्याखाली चार-पाच अंश आणि दुपारी तेवढाच वर, असं हवामान लागतं. रात्री गोठताना खोड खालून पाणी ओढून घेतं; दिवसा वितळलं की आत दाब चढतो आणि भोक सापडेल तिथून रस बाहेर येतो. सलग थंडी पडली तर थेंब नाही, सलग ऊब आली तरी नाही. शेजारचे आजोबा उठल्या उठल्या आधी थर्मामीटर बघतात, मग कॉफी.

खोड फूटभर जाड झाल्याशिवाय ते झाडाला हात लावत नाहीत, आणि तेवढं व्हायला चाळीसेक वर्षं जातात. भोक जेमतेम दीड-दोन इंच, आत किंचित चढतं, म्हणजे रस आपसूक तोटीतून उतरतो. पुढच्या वर्षी जुनं सोडून लांब नवं भोक. बरेच जण आता प्लॅस्टिकच्या नळ्यांनी रस थेट टाकीत आणतात, पण आजोबांच्या रस्त्याकडेच्या झाडांना अजून पत्र्याच्या बादल्या आहेत, झाकणासकट. त्या भरल्या की आम्ही सगळे ओतायला जातो. कधी कधी बूट बर्फात राहतो आणि पाय तेवढा वर येतो.

रस चाखलात तर म्हणाल, हे तर नुसतं पाणी! साखर दोनच टक्के. आपल्या उसाच्या रसात अठरा-वीस. चाळीस गॅलन आटवावा तेव्हा एक गॅलन पाक. आपल्याकडं टनभर उसाला शंभर किलो गूळ पडला नाही तर तुम्ही तोंड वाकडं करता. यांचा धंदा झाडांचा कमी आणि पाणी उडवायचा जास्त. बाटलीची किंमत ऐकून मीही आधी दचकले होते; रात्रभर लाकडं टाकताना बघितलं, तेव्हापासून घासाघीस करत नाही.

यांची काहिल गोल नसते. लांबट चौकोनी, आत आडव्या पट्ट्या. रस एका टोकाला येतो आणि नागमोडी फिरत, दाट होत दुसऱ्या टोकाला पोचतो. दर सात-आठ मिनिटांनी जाळ घालायचा. वाफ जायला छपराला उघडी खिडकी. कुणी हौसेनं घरातल्या शेगडीवर आटवायला बसलं तर भिंतींवरून पाणी ओघळतं. फेस उतू जायला लागला की तुम्ही एरंडेलाचा थेंब टाकता, हे लोणी टाकतात. रसातली मळी काढायला आपण घालतो ते भेंडीचं पाणी मात्र इथं नाही. पाक गरम असतानाच जाड लोकरी कापडातून गाळतात, खाली वाळूसारखा खनिज गाळ राहतो. पाण्याच्या उकळीपेक्षा चार अंश वर गेलं की पाक झाला. मापायला काचेची नळी असते, पण आजोबा आधी उलथनं उचलून बघतात. थेंब थेंब न पडता कडेवरून सलग पडदा लोंबला की उतरवायचा. आपला गुळव्या पाण्यात गोळी करून बघतो, तसंच डोळ्याचं काम.

इथले मूळ रहिवासी, अबेनाकी लोक, गोरे यायच्या आधीपासून या रसाची साखर करत आलेत, हे आजोबा दरवर्षी सगळ्यांना ऐकवतात.

आई, आता तुझ्या कामाचं. हंगामाच्या सुरुवातीचा पाक फिका सोनेरी असतो. ऊब वाढली की रसात जंतू वाढतात, साखरेचं रूप बदलतं आणि पाक गडद होतो. पाहुण्यांपुढं फिका ठेवतात. भाजायला गडदच हवा, फिका ब्रेडमध्ये पार हरवतो. मी ओट्स गरम पाण्यात भिजवते, कोमट झाले की यीस्ट, मीठ, पाक, थोडं लोणी, निम्मी कणीक, निम्मा मैदा. घरात गारठ्यानं पीठ फुगत नाही, म्हणून पातेलं कापडात गुंडाळून सरळ पाक आटवतात त्या भट्टीघरात नेऊन ठेवते. केकला वाटीभर साखरेऐवजी पाऊण वाटी पाक घे, दूध तीन मोठे चमचे कमी कर आणि ओव्हनची आच जरा उतरव, नाहीतर वरून लवकर करपतो. पुरणात नको घालूस, सैल पडेल. गरम आंबोळीवर मात्र फर्मास.

आणि गंमत ऐक. पाक आणखी कढवून स्वच्छ बर्फावर ओततात, तो चिक्कट होतो. मग काट्याला गुंडाळून खायचा, सोबत साधा डोनट आणि आंबट काकडीचं लोणचं. गोड फार झालं की लोणच्याचा तुकडा, परत गोड. तुझ्या हातचं लिंबाचं लोणचं काढलं, तर आजोबांच्या सुनेनं बाटली अर्धी केली. येताना दोन आणेन म्हणून सांगून बसलेय, तेवढं घालून ठेव.

झाडांच्या कळ्या फुगायला लागल्यात. त्या फुटल्या की रसाची चव बिघडते, मग सगळं धुऊनपुसून ठेवायचं. मामी मेमध्ये येतायत, त्यांच्या बॅगेत गडद पाकाचा डबा देतेय. फोडल्यावर फ्रीजमध्येच ठेवा, गुळासारखा फडताळात ठेवलात तर बुरशी धरेल. आबा, शुगर बघून एकच चमचा!

तुमची,
धाकटी