एरिक विल्यम्सबद्दल थोडं

चि. अनिकेत,

परवा फोनवर तू म्हणालास ना की शिकल्यासवरल्या माणसानं राजकारणात पडूच नये, तेव्हापासून डोक्यात त्रिनिदादचा एरिक विल्यम्स घोळतोय. 1971ला गावसकर पोर्ट ऑफ स्पेनला पहिली टेस्ट खेळला तेव्हा तिथला पंतप्रधान हाच, पण आम्हा पोरांना स्कोअर सोडून कशाशी देणंघेणं!

बाप पोस्टात कारकून, घरात बारा भावंडं, हा थोरला. स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला गेला, इतिहासात डॉक्टरेट केली, मग पुस्तक लिहिलं की इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली ती काही नुसत्या दयेपोटी नाही, उसाच्या मळ्यांतला फायदा आटला होता म्हणून. अमेरिकेत ते 1944ला निघालं, इंग्लंडात निघायला 1964 उजाडलं. झोंबणारच ना.

पुढे कॅरिबियन कमिशनमध्ये, म्हणजे तिथल्या वसाहतींसाठी इंग्रज-अमेरिकनांनी काढलेल्या संस्थेत नोकरी, तिथे वरच्यांशी पटेना, 1955ला त्यांनी करार वाढवलाच नाही. आपण दुसरीकडे अर्ज टाकले असते. हा पठ्ठ्या 21 जूनला पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडफर्ड स्क्वेअरमध्ये उभा राहिला आणि नोकरी का गेली ते सगळं भर चौकात सांगितलं, वर म्हणाला मी इथेच जन्मलो, इथेच राहणार. मग त्या चौकात त्याची लेक्चरंच सुरू झाली, इतिहास, राज्यघटना, सगळं, आणि लोक उभ्यानं ऐकायचे, चौकाला युनिव्हर्सिटी म्हणायला लागले! 1956च्या जानेवारीत पक्ष काढला, सप्टेंबरात निवडणूक जिंकली. 1960ला अमेरिकेच्या नौदल तळाची जमीन परत मागायला भर पावसात मोर्चा काढला. 31 ऑगस्ट 1962ला स्वातंत्र्य.

पण मला एक गोष्ट खटकते. 1958ला फेडरेशनच्या, म्हणजे वेस्ट इंडिजच्या बेटांच्या संघराज्याच्या निवडणुकीत मार खाल्ला तर हा भारतीय वंशाच्या लोकांवरच घसरला, त्यांना शत्रुत्व धरणारे अल्पसंख्याक म्हणाला. अरे, गुलामगिरी गेल्यावर 1845पासून करारावर आणलेली ही माणसं त्याच उसात राबली, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि 1970ला त्याच्यासारखीच काळी तरुण पोरं त्याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरली तेव्हा यानं आणीबाणी लावली, सैन्यातल्या काही जणांनी बंड केलं. 1973ला सोडतो म्हणाला आणि परत फिरला, 1981ला गेला तो खुर्चीवर असतानाच.

आता यातून तुझं म्हणणं खरं ठरतं की माझं ते सांग. लिहून पाठव, फोनवर तू नुसतं हं हं करतोस.

बाबा