पुन्हा एक पाठ खाल्ला

पर्वती, पुणे
रविवार दुपार

प्रिय सुमे,

तुझ्या तीन मोठ्या मेसेजना मी नुसते अंगठे पाठवले, माहीत आहे. गणपतीपासून ‘फोन करते, फोन करते’ चाललंय आणि आता स्वेटर काढायची वेळ आली. पत्र बघून घाबरशील म्हणून आधीच सांगते, घरात सगळे धडधाकट आहेत. माझे गुडघे होते तसेच, बीपीची गोळी चालू, ह्यांचा खोकला गेला. झालं.

लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. मी परत एक पाठ खाल्ला.

हसू नकोस, ऐक आधी.

यंदा माझ्या दुसरीच्या वर्गात एक शिकाऊ मुलगी आलीय. एका संस्थेची फेलोशिप आहे. फेलो पोरं पुण्याला नवीन नाहीत, तरुणांना शाळेत शिकवायला पाठवणारं टीच फॉर इंडिया 2009 सालीच इथे आणि मुंबईत सुरू झालं. पण त्यांना उन्हाळ्यात काही आठवडे शिकवतात आणि थेट वर्ग हातात देतात. हिचं तसं नाही. हिने वर्षभर माझ्याच वर्गात, माझ्याच शेजारी राहायचं. चार दिवस माझ्याकडे, पाचव्या दिवशी त्यांचं प्रशिक्षण. ह्याला रेसिडेन्सी म्हणतात. शिकाऊ डॉक्टर कसे मोठ्या डॉक्टरच्या मागे वॉर्डात फिरतात, तसं. तिकडे बोस्टनला 2003 पासून शिक्षकांसाठी हे चालू आहे. आधी नुसतं बघायचं, मग चार-पाच मुलांचा गट घ्यायचा, मग एक विषय, मग अख्खा दिवस. आणि मार्गदर्शक शिक्षिका कोण, तर मी! तुझं तोंड कसं झालं असेल ते इथून दिसतंय मला.

मुलगी हुशार आहे गं. हिंजवडीतली नोकरी सोडून आलीय. आई अजून तिच्याशी नीट बोलत नाही. मुलं तिला दीदी म्हणतात आणि मला बाई, आणि मधल्या सुट्टीत डबा दीदीकडे उघडतात. पहिले दोन महिने मला त्याचं वाईट वाटलं, हे फक्त तुला सांगतेय.

तर मागच्या आठवड्यात हातच्याची वजाबाकी. 52 वजा 27. तिने आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून आणले होते. (आपण अप्पा बळवंत चौकातून उधारीवर आणलेले कार्डशीट आठवतात? त्याचे अकरा रुपये तू अजून दिलेले नाहीस.) अर्ध्या वर्गाने उत्तर 35 काढलं. नेहमीचंच, दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन घालवायचे, हिशेब मिटला. मी असते तर ‘चूक, परत बघा’ म्हणून फळ्याकडे वळले असते. हिने काय केलं, खिडकीशी बसणाऱ्या आर्यनला उभं केलं आणि विचारलं, ‘तू 35 कसे काढलेस, मला सांग ना.’ आणि गप्प उभी राहिली.

आर्यन गप्प. वर्ग गप्प. बाहेर भंगारवाल्याचा भोंगा. मागच्या बाकावर बसून माझ्या हाताला नुसती खाज सुटली होती. पाठ पडतोय, पोरगी अडकलीय, आता रडेल, असं काय काय मनात आलं. मी उठले, तिच्या हातातला खडू घेतला आणि ‘शेजारच्या घरून एक दशक उसना आणू या’ करत तीन मिनिटांत गणित संपवलं. सगळ्यांनी 25 लिहिलं. मला वाटलं, वाचवलं बाई हिला.

शाळा सुटताना आर्यन दप्तर फरपटत माझ्याकडे आला. ‘बाई, मी सांगणार होतो. दहाची नोट मोडायची.’ म्हटलं, काय? तर म्हणे, पाच नोटा आणि दोन सुटे आहेत, गिऱ्हाइकाला सात सुटे द्यायचेत, तर एक नोट मोडावी लागेल. बापाची भाजीची गाडी आहे त्याच्या. पोराने उभ्या उभ्या आपलं आपणच शोधलं होतं आणि माझ्या ‘शेजारच्या घरून उसनं’मध्ये ते वाहून गेलं.

शनिवारी तिची निरीक्षण वही सहीला आली. तुला माहितीये, कॉलेजात आपल्या सराव पाठांना सर लाल पेनने काय काय शेरे मारायचे. हिने स्वतःच्याच पाठाचं लिहिलं होतं, तेही एवढंच: ‘11.18 प्रश्न विचारला. थांबले. 11.19 बाईंनी खडू घेतला.’ तक्रार नाही, उद्गारचिन्ह नाही. एक मिनिट, सुमे. मला ती पाच-सहा मिनिटं वाटली होती.

मी सही केली. खाली काहीतरी लिहायला हवं होतं, सुचलं नाही.

आणि तेव्हापासून मला तुझा तो बाष्पीभवनाचा पाठ दिसतोय. स्टोव्ह, पातेलं, वर काचेची थाळी. थाळीला एक थेंब धरेना, तू तशीच हाताची घडी घालून उभी, आणि मी मागून पोरांना ‘थेंब, थेंब’ करून सांगितलं. सगळा वर्ग कोरड्या थाळीकडे बघून ‘थेंऽऽब’ ओरडला. सर पोट धरून हसले. तू महिनाभर बोलली नाहीस. ‘तू माझा पाठ खाल्लास’ म्हणालीस, आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगतेय की मी तुला वाचवलं.

आपल्याला पुढे कुणी वाचवायला नव्हतं, हेही खरं. 2000 साली ती शिक्षण सेवक योजना आली, महिना 3000 रुपये मानधनावर शिकवायचं. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी हजेरी दिली, खडूची पेटी दिली आणि ‘तो कोपऱ्यातला वर्ग’ म्हणून बोट दाखवलं. साठ पोरं. तीस मुलांमागे एक शिक्षक हे आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानंतरचं, तो 2010 साली लागू झाला. माझं पहिलं वर्ष अख्खं ओरडण्यात गेलं. तेव्हा बाकावर कुणी बसलेलं असतं तर, असं पूर्वी फार वाटायचं. आता वाटतं, माझ्यासारखी बसली असती म्हणजे?

ह्या सोमवारी ती आली नाही. मेसेज आला, ‘बाई, ताप आहे.’ मंगळवारी तेच. शुक्रवारी संस्थेच्या प्रशिक्षणालाही नव्हती. मी ‘काळजी घे’ लिहिलं, पुसलं. ‘आर्यन विचारत होता’ लिहिलं, पुसलं. शेवटी अंगठा पाठवला. ती सोडून गेली तर तिची आई ‘मी म्हणत नव्हते?’ म्हणेल, आणि ते माझ्या एका मिनिटामुळे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, थंडी पडलीय, साथ आहे सगळीकडे. असेलही.

तुझं सगळं वाचलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बरं झालं. लेकाचं काय ठरलं ते नीट कळव. बदलीचा अर्ज कर म्हणून मी मागेच सांगितलं होतं, तू ऐकत नाहीस.

एकच विचारायचंय. त्या थेंबाच्या पाठानंतर तू तीन दिवस कॉलेजला आली नव्हतीस. ताप आहे म्हणून निरोप होता. मी होस्टेलवर पेज घेऊन आले, तर तू भिंतीकडे तोंड करून झोपलीस आणि कपाळाला हात लावू दिला नाहीस.

खरं सांग, तेव्हा ताप होता का तुला?

तुझी,
कुंदा