कोंडा आणि पीठ

प्रिय बंड्या,

आठ महिने झाले, तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. रागावला असशील, आणि रागावायलाच हवं. तब्येत बरी आहे, पाठ अधूनमधून धरते, बाकी काही नाही.

आज लिहितोय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. परवा माशांची पिल्लं उघडत होतो. जेमतेम पाच मिलिमीटरची, पोटाखालचा बलक नुकताच संपलेला. सुईनं आतडं सोडवून ग्लिसरीनच्या थेंबात पसरलं, तर आत कोपेपॉडचे नॉप्लियस, त्या तरंगत्या चिमुकल्या कवचधारी जिवांच्या अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या अळ्या, शेंगेत दाणे बसावेत तशा ओळीनं. तेरा मोजले. एकाचीही रुंदी १५० मायक्रॉनच्या वर नव्हती.

आणि आपण समुद्रात ओढली त्या जाळीची भोकं २०० मायक्रॉनची!

डेकवरचं ते भांडण आठवतं? तू म्हणालास, बारीक जाळीही टाकू. मी ओरडलो, शेवाळं फुललं की ती तुंबते, मग किती पाणी गाळलं त्याचा हिशेब कसा लावायचा? तुंबते हे खरंच. पण जाळीची ओढ लहान ठेवता आली असती. सर माझ्या बाजूनं झाले आणि तू एवढंच म्हणालास, “चाळणीतला कोंडा मोजून पीठ किती ते सांग आता.” दोन दिवस बोलला नव्हतास. तुला दोन दिवस गप्प बसवणं हा त्या सफरीतला एकमेव विक्रम, असं मावशी अजून म्हणते.

बंड्या, बरोबर तूच होतास. बलक संपताना पिल्लांना खाणं मिळालं की नाही, यावर त्या वर्षीची मासळी ठरते, हे योर्ट या नॉर्वेजियन शास्त्रज्ञानं १९१४ सालीच मांडलं. आपण नेमकं तेच खाणं जाळीतून सांडू दिलं आणि वर लिहिलं, “वसंतात अन्न तुटपुंजं.” मोठ्या कोपेपॉडांचे आकडे खोटे नाहीत. पण पिल्लं उपाशी होती हे वाक्य कशाच्या जोरावर लिहिलं मी? रात्री झोप लागत नाही. कोपेपॉडच्या माद्यांच्या संख्येवरून अंडी किती, हा अंदाज बांधता येईल, पण त्यातली जगली किती?

एक वाट दिसते. सूक्ष्म शेवाळांसाठी पाण्याच्या बाटल्या भरून आयोडिनमध्ये ठेवल्या होत्या ना? त्या पाण्याला जाळी लागलेली नाही. बाटलीमागे दोन-चार नॉप्लियस सापडले तरी पाच वर्षांचा कल दिसेल.

नव्या नोकरीचं कळलं, फार आनंद झाला. छोटीला दात आले का? वहिनींना नमस्कार.

बाटल्यांचे क्रमांक तुझ्या निळ्या वहीत आहेत. पानांचे फोटो पाठव. आणि मोजायला तूही आलास तर फार बरं होईल.

तुझा,
मन्या