पन्नास एचपी कशाला?

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

बाबा, ट्रॅक्टर घ्यायचं बोलताना काल मी "५० एचपी कशाला?" म्हटलं आणि तुम्ही फोन आईच्या हातात दिलात. म्हणून लिहूनच पाठवते.

जमीन पाच एकर. चार फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) ताशी तीन किलोमीटरने चालवला, तर तासाला साधारण ३,६०० चौरस मीटर होतात. वळणांसाठी आणि एकावर एक येणाऱ्या पट्ट्यांसाठी त्यातला पाव भाग सोडा. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, तेव्हा एकराला दीड तास आणि सगळ्या रानाला साडेसात तास. फार कडक जमीन नसेल तर एवढं काम २५ एचपीचा ट्रॅक्टर करतो. ५० एचपीने हेच अर्ध्या दिवसात उरकेल, पण उरलेल्या अर्ध्या दिवसाचं तुम्ही करणार काय? ट्रॅक्टर पुसत बसणार, मला माहीत आहे.

विचारताना मात्र पीटीओचा, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचा, एचपी विचारा. पाटीवर असतो तो इंजिनाचा. रोटाव्हेटरपर्यंत पोचेस्तोवर त्यातला दहा-पंधरा टक्के गळतो.

मला खरी काळजी वजनाची आहे. मोठा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो, छोटा त्याहून बराच हलका. वाफसा यायच्या आत, म्हणजे माती कामाजोगी सुकायच्या आधीच, तुम्ही रानात शिरता (नाही म्हणू नका, आईनेच सांगितलं), तेव्हा ओली माती चाकाखाली दडपते. रुंद टायरांनी वरचा दाब पसरतो हे खरं, पण खोलवरचा दाब ठरतो तो चाकांच्या आसावर किती वजन आहे त्यावर. खाली कडक थर धरला की पाणी मुरत नाही, मुळं आडवी पसरतात, आणि तो थर फोडायला पुन्हा जास्त ताकदीचा ट्रॅक्टर लागतो!

खोल नांगरट आणि भरलेली ट्रॉली, या दोन बाबतींत तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तशी नांगरट दरवर्षी लागत नाही, त्या दिवसापुरता मोठा ट्रॅक्टर भाड्याने सांगू. ट्रॉलीचं म्हणाल तर छोटा ट्रॅक्टर सपाटीवर ओढेल बरंच, पण उतारावर भरलेली ट्रॉली त्यालाच पुढे ढकलत नेते. म्हणून भार कमी घालायचा आणि एकाऐवजी दोन खेपा करायच्या. चारही चाकांना ओढ असलेला घेतला तर वजन कमी असूनही चाकं कमी घसरतील. मागे जड अवजार उचललं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. पुढे वजनं लावायची सोय आहे ना, ते बघा.

आता तुमचा गुडघा. पायरी किती उंच आहे, क्लच किती दाबावा लागतो, हे दहा वेळा चढून-उतरून बघा, एकदा बसून कळत नाही. पॉवर स्टिअरिंग हवंच. डोक्यामागची संरक्षक कमान आणि सीटचा पट्टा दोन्ही हवेत. पट्टा नसेल तर उलटताना माणूस कमानीबाहेर फेकला जातो.

आई, एक काम तुझ्याकडे. दोरीचं दुसरं टोक तू धर आणि झाडांच्या ओळींमधली सगळ्यात अरुंद जागा मोजून घ्या, शिवाय ओळीच्या टोकाला बांधापर्यंत किती जागा उरते तेही. ट्रॅक्टर नुसता नाही, मागच्या अवजारासकट वळायला हवा.

मी रविवारी येते. तोवर बाबांना ॲडव्हान्स देऊ देऊ नकोस.

तुमची,
ताई