30 अँपिअरचा फ्यूज काढून घेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी मी नुसतंच ‘थँक्यू काका’ म्हणालो आणि तुम्ही मान हलवून हत्यारं आवरायला लागलात. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही, म्हणून आज चार लोकांसमोर लिहितोय.

गाडी बाबांची, जुनी. डॅशबोर्डवरच्या 12 व्होल्टच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावला की घडीत चालू, घडीत बंद. टायरमध्ये हवा भरायचा पंप लावला की फ्यूज उडायचा. एका गॅरेजमध्ये दाखवलं, तर त्यांनी 15 अँपिअरच्या जागी 30चा फ्यूज घालून दिला. ‘आता उडणार नाही.’ आणि खरंच उडला नाही. आठ दिवस मी गाडी तशीच चालवली. मागच्या सीटवर लेक झोपलेली असायची. पंप लावल्यावर प्लास्टिक तापल्याचा वास यायचा, पण जुन्या गाडीचा असेल म्हणून मी सोडून दिला.

मग गाडी दुरुस्तीला तुमच्याकडे आली. तुम्ही सॉकेटला हात लावायच्या आधी फ्यूजबॉक्स उघडलात, 30चा फ्यूज काढून खिशात टाकलात आणि म्हणालात, ‘फ्यूज वायरसाठी असतो रे, पंपासाठी नाही.’ 15 अँपिअरच्या हिशोबानं टाकलेल्या वायरमधून जास्त करंट गेला, तर फ्यूजऐवजी वायरच वितळेल, तीही डॅशबोर्डच्या आत, जिथे बघायला कोणी नाही. काका, या एका वाक्यासाठी मी तुमचा आयुष्यभर ऋणी आहे.

मी व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर सॉकेटला लावून बघितला होता. 12.6 व्होल्ट आले, म्हणजे सॉकेट चांगलं, अशी माझी खात्री होती. तुम्ही 15चा फ्यूज घातलात, हेडलाइटचा 55 वॅटचा जुना बल्ब सॉकेटला जोडलात आणि मग म्हणालात, आता बघ. आकडा 11.5वर आला. लोडशिवाय, म्हणजे करंट ओढणारं काही न जोडता घेतलेलं रीडिंग खोटी आशा दाखवतं, हे मी तेव्हा शिकलो.

बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडवायची, कारण पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. मग सॉकेट बाहेर आलं. ते कधीच विसरणार नाही. मधल्या पॉझिटिव्ह पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळलं होतं. मागचं टर्मिनल बोटानं हलत होतं. त्या लूज जोडात जेमतेम पाव ओहमचा रोध, पण पंप 10 अँपिअर ओढतो तेव्हा तिथे 25 वॅटची उष्णता तयार होते. ‘सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवल्यासारखं झालं ना,’ तुम्ही म्हणालात. प्लास्टिक मऊ पडून पिन कलली होती आणि प्लग हलला की बाहेरच्या निगेटिव्ह नळीला निसटती टेकून शॉर्ट होत होती. बिचारा 15चा फ्यूज उगाच उडत नव्हता!

वायर तुम्ही चांगली लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापलीत. वायरच्या टोकावर नवं टर्मिनल मात्र मला दाबून बसवायला लावलंत. पहिलं ओढून बघितलं तर निसटलं, तुम्ही न बोलता दुसरं हातात दिलंत. नवं सॉकेट बसवताना आधी प्लास्टिकची रिंग, मग सॉकेट, हा क्रम मी उलटा केला तेव्हाही आवाज चढवला नाहीत. जुन्या डॅशबोर्डच्या ठिसूळ कडेवर ओरखडा येऊ नये म्हणून स्क्रूड्रायव्हरखाली पुठ्ठ्याचा तुकडा धरून ठेवणारे तुमचे हात अजून डोळ्यांसमोर आहेत. बाबाही ती गाडी अशीच जपायचे.

तेव्हापासून 15चाच फ्यूज आहे. परवा चारही टायरमध्ये हवा भरली, मध्ये पंपाला थोडी विश्रांती दिली. प्लग काढून तुम्ही दाखवलंत तशी बोटांची मागची बाजू टेकवली. कोमट होता, बस. लेक शेजारी उभी होती, तिनंही बोट लावून बघितलं.

मनापासून आभार, काका.

तुमचा,
त्या जुन्या गाडीवाला