‘फट’ (कोकणीत खोटी) ठरलेल्या कादंबरीची बाजू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले दोन रविवार आपल्या पुरवणीच्या पत्रव्यवहारात ॲलन डीन फॉस्टर यांच्या ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ या, ‘स्टार वॉर्स’ नावाच्या अवकाशातल्या चित्रपटमालिकेला जोडून लिहिलेल्या कादंबरीवरून जुंपली आहे. मडगावच्या एका वाचकाने अशा कादंबऱ्यांना ‘चित्रपटाच्या पंगतीत उरलेले अन्न’ म्हटले. म्हापशाच्या वाचकाने त्याही पुढे जाऊन, चित्रपटांची मालकी असलेल्या कंपनीनेच २०१४ मध्ये हे पुस्तक अधिकृत कथेतून बाजूला काढले असल्याने त्यावर बोलणेच व्यर्थ, असा निकाल दिला. गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रात भाषावादाखेरीज दुसऱ्या कशावरून तरी पत्रांची लढाई होते आहे, याचा आधी मला आनंदच झाला. पण दोघांपैकी एकानेही पुस्तक वाचून पत्र लिहिल्याची खूण सापडली नाही. म्हणून हा खटाटोप.

माझी प्रत हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारातली. ऐंशीच्या दशकाचा शेवट असावा. परतीच्या प्रवासात ओझे नको म्हणून कोणा पर्यटकाने विकून टाकलेली. पहिल्या पानावर जर्मन भाषेत कोणी कोणाला काही लिहिलेले, शिवणीत किनाऱ्यावरची वाळू. विक्रेत्याने दहा रुपये सांगितले, मी सात दिले. तेव्हा मी डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि स्टार वॉर्सचा एकही चित्रपट पाहिला नव्हता. ते पुढे कितीतरी वर्षांनी व्हिडिओ कॅसेटवर पाहिले. म्हणजे या घरात मी मागच्या दाराने शिरलो, आणि मला ओळखीची झाली ती आधी परसातली विहीर, दिवाणखाना नंतर.

ही कादंबरी १९७८ सालची. ती का लिहिली गेली, हे कळल्यावाचून तिच्यावर मत देणे म्हणजे वाण न विचारता भाताला नावे ठेवणे. पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजी लागला. त्याची कादंबरी त्याआधीच, १९७६ च्या अखेरीस बाजारात आली होती. मुखपृष्ठावर नाव चित्रपटाचे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांचे, लिहिणारा हात फॉस्टर यांचा. करार दोन पुस्तकांचा होता आणि दुसरे पुस्तक म्हणजे ही ‘स्प्लिंटर’. चित्रपट फारसा चालला नाही तर पुढचा भाग थोडक्या पैशांत काढता यावा, या बेताने तिची आखणी झाली. म्हणून कथा घडते ती धुक्याने भरलेल्या मिंबन नावाच्या एकाच ग्रहावर. धुके असले की मागे भव्य देखावे उभारावे लागत नाहीत! चित्रपटातला हान सोलो साकारणारे हॅरिसन फोर्ड पुढच्या चित्रपटासाठी करारबद्ध नव्हते, म्हणून कादंबरीत हान सोलो नाही. सुरुवातीला फॉस्टर यांनी अवकाशातली एक लढाई लिहिली होती. ती चित्रित करायला महाग पडेल म्हणून लुकास यांनी काढायला लावली. पुढे चित्रपटाने तुफान धंदा केला, काटकसरीची गरज उरली नाही आणि ही कथा पडद्यावर कधीच आली नाही.

तर अशा कात्री लावलेल्या कापडातून फॉस्टर यांनी काय शिवले? चित्रपटाचा तरुण नायक ल्यूक आणि राजकन्या लेया वाटेत मिंबनवर कोसळतात. तिथे, ज्याच्याशी त्यांचा लढा आहे त्या साम्राज्याची खाण आहे, खाणीभोवती वाढलेले गलिच्छ गाव आहे, दारूचे गुत्ते आहेत, माजलेले खाणकामगार आहेत आणि सगळीकडे चिखल आहे. पाऊस थांबत नाही. दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. हाला नावाची एक चलाख म्हातारी भेटते, तिच्याकडे एका स्फटिकाची कपची असते आणि अख्खा स्फटिक शोधायला सगळे निघतात. मागावर साम्राज्याचा क्रूर सरदार डार्थ व्हेडर.

संपादक महोदय, न्यूयॉर्क-लंडनच्या वाचकाला मिंबन परग्रह वाटला असेल. मी ती पाने जुलै महिन्यात डिचोलीत वाचली. बाहेर खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची राड केलेली, ओट्यावर सुकत घातलेल्या धोतरालाही लाल रंग चढलेला, डंपवरून वाहून आलेली माती शेतात शिरलेली. खाणीच्या गावात पैसा कसा येतो, कोणाकडे येतो, संध्याकाळी कुठे जातो आणि सकाळी घरात काय उरते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. २०१२ मध्ये आमच्याकडच्या खाणी बंद झाल्या, मध्ये चालू होऊन २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, तेव्हा मी हे पुस्तक काढून गावाचे ते प्रकरण परत वाचले. फॉस्टर यांना खाणीबद्दल फार काही सांगायचे होते असे नाही. त्यांना धुके आणि चिखल स्वस्त म्हणून हवे होते. पण स्वस्तातला तो चिखल त्यांनी असा लिहिला आहे की वाचताना चपला काढून ठेवाव्याशा वाटतात. चित्रपटांतले चकचकीत ग्रह मला कधीच इतके खरे वाटले नाहीत.

दोषही आहेत आणि ते लपवणार नाही. लेया ही ल्यूकची नोकराणी असल्याचे सोंग वठवायचे म्हणून तो तिच्या थोबाडीत मारतो, हा प्रसंग माझ्या पुतणीने वाचला आणि पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवले. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. शेवटी तो स्फटिक जखमा भरून काढतो, हे तर अगदीच सोयीचे. लेखकाने पात्रे मरणाच्या दारात नेली आणि मग खिशातून औषध काढले. आणि ल्यूकचे लेयाकडे ओढले जाणे! ती दोघे बहीण-भाऊ असल्याचे १९८३ च्या चित्रपटात उघड झाले. त्यानंतर ही पाने वाचणाऱ्याला ओशाळल्यासारखे होते. पण १९७८ मध्ये ते फॉस्टर यांना कसे ठाऊक असणार? व्हेडर ल्यूकचा बाप आहे, हेही १९८० पर्यंत प्रेक्षकांना माहीत नव्हते. कादंबरीतला व्हेडर बाप नाही, नुसता काळ आहे. त्याच्याशी झुंजताना ल्यूकच्या मनात कसलाही गुंता नाही. मला ते द्वंद्व त्यामुळेच आवडते. आणि त्या द्वंद्वात आधी तलवार उचलून व्हेडरच्या समोर उभी राहते ती लेया. पहिल्या तिन्ही चित्रपटांत तिला ही संधी मिळाली नाही. पुतणीने पुस्तक पुन्हा हातात घेतले ते इथपर्यंत पोचण्यासाठी, आणि तिच्या मते एवढ्या एका प्रसंगासाठी थोबाडीतल्या त्या प्रकरणाला माफी नाही, पण पुस्तकाला आहे.

आता ‘उरलेले अन्न’ या आरोपाकडे वळतो. पेडण्याकडे किंवा पलीकडे सिंधुदुर्गात ज्यांनी दशावतारी काला पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. लिखित संहिता नाही. रात्री रंगपटात आख्यान ठरते, कोणी कोणते सोंग घ्यायचे ते ठरते आणि संवाद उभ्या जागी रचायचे. आख्यान कुठलेही लावा, कृष्णाला मारता येत नाही, भीमाला भित्रा करता येत नाही. पुराणात जी फट मोकळी आहे तिच्यातच शिरायचे, रात्रभर जीव ओतायचा आणि पहाटे दहीहंडी फुटताना सगळे देव जिथल्या तिथे परत ठेवायचे. चित्रपटाला जोडून लिहिलेल्या कादंबरीचा नियम नेमका हाच. नायक मरणार नाही हे पहिल्या पानावर ठाऊक असते. तरीही बसल्या जागेवरून उठू न देणे हीच कसोटी. त्या कसोटीला उतरणारी पुस्तके थोडी आहेत, हे मडगावकरांना मान्य करतो. १९९१ मधली टिमथी झान यांची ‘एअर टू दि एम्पायर’ उतरते. तिच्यातला सेनापती थ्रॉन आरडाओरडा न करता शत्रूच्या चित्रकलेवरून त्याचा स्वभाव ओळखतो. अशी पन्नासेक पुस्तके मी चाळली असतील. त्यांतली निम्मी रद्दीत गेली, त्याचे दुःख नाही.

पैशासाठी, दुसऱ्याच्या मालावर लिहिलेले म्हणून कमअस्सल, हेही पटत नाही. आयझॅक आसिमोव्ह यांनी १९६६ मध्ये ‘फँटास्टिक व्हॉयेज’ या चित्रपटाची कादंबरी लिहून दिली. सूक्ष्म केलेली पाणबुडी रोग्याच्या शरीरात जाते, अशी ती गोष्ट. चित्रपटात माणसे बाहेर येतात आणि पांढऱ्या पेशीने गिळलेली पाणबुडी आतच राहते. ती पुन्हा मूळ आकाराची झाली तर रोग्याचे काय होईल, हा प्रश्न पटकथेला पडला नाही. भाड्याने आणलेल्या लेखकाला पडला आणि त्याने पुस्तकात तिचे अवशेषही बाहेर काढले. मी दरवर्षी नववीच्या वर्गाला ही चूक शोधायला लावत असे. मालकीबद्दल म्हणाल तर फॉस्टर यांचे हाल पाहा. आपल्या जुन्या पुस्तकांचे मानधन मिळणे बंद झाल्याची जाहीर तक्रार त्यांना २०२० मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर करावी लागली. लेखक संघटना मागे उभी राहिली तेव्हा कुठे चक्रे हलली.

राहिला म्हापशाच्या वाचकांचा मुद्दा. माझा एक जुना विद्यार्थी, आता बांबोळीच्या बाजूला संगणकाच्या कामावर आहे, चतुर्थीला घरी आला होता. कपाटातले पुस्तक पाहून म्हणाला, ‘मास्तर, हें सगळें फट. कंपनीनच सांगलां.’ मी विचारले, ‘आनी हेर सगळें खरें?’ (आणि बाकीचे सगळे खरे?) तो हसला, पण विचारात पडला. डिस्नेने २०१२ मध्ये लुकासफिल्म विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जुन्या कादंबऱ्यांवर ‘लेजंड्स’ असा शिक्का मारला. दंतकथा! पुढच्या चित्रपटांना रान मोकळे हवे होते, ते समजू शकतो. पण ज्यांनी ती पुस्तके रात्री जागून वाचली त्यांच्या रात्री कोणी कशा परत घेणार?

आणि फेकून दिलेले ते पुस्तक पुरते फेकताही आले नाही. त्यातल्या स्फटिकाचे नाव ‘कायबर’. तो मूळ चित्रपटाच्या आरंभीच्या मसुद्यांत होता, पडद्यावर आला नव्हता. या कादंबरीने त्याला पहिल्यांदा घर दिले. तेच नाव थोडे बदललेल्या स्पेलिंगने आज अधिकृत कथेत आहे. प्रकाशतलवारी त्याच्यावर चालतात, आणि २०१६ च्या ‘रोग वन’ या स्टार वॉर्स चित्रपटात साम्राज्य तेच स्फटिक उपसत असते. २०१८ मध्ये ‘सोलो’ आला, त्यात लढाईच्या खंदकांचा एक ग्रह आहे. नाव मिंबन. धुके तेच, चिखल तोच. ज्या हान सोलोला या कादंबरीत जागा नव्हती त्यालाच चाळीस वर्षांनी त्या चिखलात लोळावे लागले. मी सिनेमागृहात एकटाच मोठ्याने हसलो, शेजारच्या मुलांनी वळून पाहिले.

एक विनंती. आपल्या पुरवणीत विज्ञानकथेला वर्षातून एकदा, विज्ञानदिनाच्या आसपास जागा मिळते, आणि तीही नारळीकर सरांची आठवण काढून संपते. कृष्णविवरावरची पहिली कथा त्यांनी टोपणनावाने स्पर्धेला पाठवली होती, कारण नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये. पुस्तकावर शिक्का कोणाचा आहे ते आधी पाहणाऱ्या आपल्या वाचकांना ही गोष्ट एकदा सविस्तर सांगा.

मडगावच्या आणि म्हापशाच्या दोन्ही वाचकांना माझी प्रत वाचायला देण्याची तयारी आहे. ती मी आमच्या गावच्या वाचनालयात ठेवली आहे. मुखपृष्ठ सुटलेले आहे, सांभाळून उघडावे. मृगाच्या आधी परत आणून द्यावी, कारण पुढच्या चार महिन्यांत उघड्या फडताळावर तिला बुरशी येते. वाळू झाडू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
डिचोली, गोवा